डोंगरातली ई-सायकल: मोटर किती करते, पाय किती करतात

इलेक्ट्रिक माउंटन बाइक, म्हणजे ई-एमटीबी, पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: यात पेडल मारावं लागतं का? लागतं. पेडल थांबलं की क्षणभरात मोटरही थांबते. स्कूटरसारखी मूठ पिळून ती पुढे जात नाही. डोंगरवाटांसाठी बनवलेल्या चांगल्या ई-सायकलींची सगळी रचना या एका अटीवर उभी आहे: आधी पायांनी जोर लावायचा, मग मोटर त्या जोराच्या प्रमाणात भर घालणार. ही अट ध्यानात आली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. भर चढावर मोटर ढिली का पडते, ओल्या मुरमावर मागचं चाक जागच्या जागी का फिरतं, तीच बॅटरी एकाला दोन तास आणि दुसऱ्याला दिवसभर कशी पुरते, याची उत्तरं चालवणाऱ्याच्या पायांत आणि गिअरवरच्या बोटांत आहेत.

पायांचा जोर मोजणारी मोटर

शहरी ई-सायकलींमध्ये मोटर अनेकदा मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, असते. डोंगरी सायकलीत ती खाली, दोन्ही क्रँक (पेडलचे दांडे) जिथे जोडलेले असतात तिथे, म्हणजे मेकॅनिक ज्याला बीबी (बॉटम ब्रॅकेट) म्हणतात त्या जागी बसवतात. या रचनेचं नाव मिड-ड्राइव्ह. आतली ब्रशलेस मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, दातेरी चाकं तो वेग उतरवून जोर वाढवतात आणि तो जोर चेनरिंगला, म्हणजे चेन ओढणाऱ्या पुढच्या दातेरी चाकाला, मिळतो. तुमचे पायही तीच चेनरिंग फिरवत असतात. दोघांची ताकद तिथे एकत्र होते आणि एकाच चेनवरून मागच्या चाकाकडे जाते.

कधी आणि किती जोर लावायचा हे मोटरला तीन सेन्सर सांगतात. पेडल दाबलं की पोलादी एक्सलला डोळ्यांना न दिसणारा, अगदी किंचित पीळ बसतो. तो टॉर्क सेन्सर मोजतो. दुसरा सेन्सर पेडल मिनिटाला किती फेरे घेतंय ते पाहतो, सायकलस्वार ज्याला केडन्स म्हणतात. तिसरा मागच्या चाकाचा वेग मोजतो. बॉश या जर्मन कंपनीच्या मोटरीत हे मोजमाप सेकंदाला हजाराहून जास्त वेळा होतं आणि दर वेळी मोटरचा जोर नव्याने ठरतो. चांगल्या ई-एमटीबीवर आपलेच पाय एकाएकी बळकट झाल्यासारखं वाटतं ते यामुळे.

स्वस्त सायकलींमध्ये टॉर्क सेन्सर नसतो. पेडल फिरतंय की नाही, एवढंच त्यांना कळतं. सपाट रस्त्यावर ते चालून जातं. अरुंद पाऊलवाटेवर मात्र वळण घेताना पेडल जरा हललं की मोटर एकदम झेप घेते, आणि दगडावरून चढताना जोर हवा असतो तेव्हा पेडल काही अंश फिरेपर्यंत गप्प राहते. डोंगरात जायचं असेल तर टॉर्क सेन्सर नसलेली सायकल घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. बाकी कशातही काटकसर करता येईल, यात नाही.

भर किती घालायची ते मोड ठरवतो. बॉशची 2019 साली आलेली परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर घ्या. इको मोडमध्ये ती पायांच्या ताकदीत 60 टक्के भर घालत असे, टर्बोमध्ये 340 टक्के. म्हणजे तुम्ही 100 वॉट लावले तर इकोत आणखी 60 मिळतात, टर्बोत आणखी 340. या दोघांच्या मधला ई-एमटीबी मोड एका आकड्याला बांधलेला नाही. पेडल हलकं दाबलं तर तो थोडं देतो, जोरात दाबलं तर भरपूर. वाट सतत बदलत असते आणि दर वळणाला बटण दाबायला अंगठा मोकळा नसतो, म्हणून डोंगरात हाच मोड सगळ्यांत उपयोगी पडतो.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. सायकलवर लिहिलेलं असतं 250 वॉट, आणि जाहिरातीत म्हटलेलं असतं 600 वॉट. दोन्ही खरं आहे. 250 हा सलग, दीर्घ काळ न तापता देता येणाऱ्या शक्तीचा कायदेशीर आकडा आहे, 600 हा थोड्या वेळापुरता मिळणारा कमाल जोर. युरोपचा कायदा 250 वॉटची मर्यादा घालतो आणि ताशी 25 किलोमीटरला मोटरची मदत बंद करायला लावतो. आपल्याकडचा केंद्रीय मोटार वाहन नियमही जवळपास तसाच आहे: मोटरची 30 मिनिटांची शक्ती 250 वॉटच्या आत, ताशी 25 किलोमीटरला किंवा पेडल थांबताच मदत बंद, आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत. एवढं पाळलं तर ती मोटार वाहन ठरत नाही, म्हणून नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. वेगाची मर्यादा उठवणारं उपकरण जोडलं की ही सूट जाते, आणि मोटरची वॉरंटीही जाते. अभयारण्यात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळीच लागते.

पेडलला मोटरची साथ देण्याची ही कल्पना बाजारात आणली जपानने. यामाहाची पास ही सायकल 1993 साली विक्रीला आली. डोंगरात ती रुजली मात्र आल्प्सच्या आसपासच्या देशांत. 2015 साली स्पेशलाइज्ड कंपनीची टर्बो लेव्हो ही ई-एमटीबी आली, 2016 साली शिमानोची ई8000 मोटर, आणि 2019 साली कॅनडात माँ-सेंट-ॲन इथे यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ई-एमटीबीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅदरली जिंकला, महिलांत स्वित्झर्लंडची नताली श्नायटर.

चढाचा हिशेब

बॅटरी किती किलोमीटर जाते, हा डोंगरात जवळजवळ निरुपयोगी प्रश्न आहे. किती मीटर चढवते, हे विचारावं.

स्वार 80 किलो, सायकल 24, पाठीवरची बॅग आणि पाणी 6, असं एकूण 110 किलो धरू. एवढं वजन 1000 मीटर वर न्यायला 300 वॉट-तास ऊर्जा लागते. यात मातीचं घर्षण नाही, वारा नाही, नुसतं वर उचलणं आहे. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना चढ साधारण 600 मीटरचा, म्हणजे 180 वॉट-तास. खडबडीत वाटेवर टायरच्या घर्षणात आणखी पाचवा किंवा चौथा हिस्सा जातो, तेव्हा 1000 मीटरच्या चढाला एकूण 375 वॉट-तास धरायला हरकत नाही.

आता यातला वाटा कोणाचा किती, यावर सगळं अवलंबून. अर्धं काम पायांनी केलं तर मोटरकडे राहतात 190 वॉट-तास. मोटर आणि तिचा कंट्रोलर बॅटरीतल्या विजेचा पाचवा हिस्सा तरी उष्णतेत घालवतात, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात 240 जातात. 625 वॉट-तासांची बॅटरी या हिशेबाने सुमारे 2600 मीटर चढवते. पूर्ण वेळ टर्बोत राहिलात तर तुमचा वाटा चौथ्या हिश्श्याहूनही कमी होतो आणि तीच बॅटरी 1700 मीटरच्या आसपास संपते. हे कागदावरचे आकडे आहेत. चिखल, कमी हवेचे टायर आणि थंडी यांनी ते आणखी खाली येतात.

ताकदीच्या बाजूनेही पाहू. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, अशा चढावर ताशी 10 किलोमीटरने जायला याच 110 किलोंसाठी 300 वॉट लागतात, वर घर्षणाचे 60 ते 90. नियमित पण हौशी सायकल चालवणारा माणूस तासभर 150 वॉट टिकवतो. मोटर नसेल तर त्याला इथे उतरून सायकल ढकलावी लागते, किंवा मांड्या भरून येईपर्यंत हळूहळू ओढावी लागते. मोटर वरचे सव्वादोनशे वॉट देते आणि तो बसून, धाप सांभाळून वर पोचतो.

म्हणून यात व्यायाम होत नाही असं म्हणणाऱ्यांना एक अभ्यास सांगावासा वाटतो. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2019 साली 33 जणांना एकाच वाटेवर साधी आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही माउंटन बाइक चालवायला दिल्या. ई-बाइकवर त्यांच्या हृदयाचे ठोके साध्या सायकलच्या 94 टक्के भरले. वेळ कमी लागला, हे खरं. पण हृदय बसून राहिलं नव्हतं.

गिअर, म्हणजे सगळं

मोटर आहे म्हणून गिअरचं महत्त्व कमी होतं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ते वाढतं, आणि माझ्या मते ई-एमटीबी चालवण्यातलं निम्मं कौशल्य इथेच आहे.

मोटरचा जोर वाढवायचा तर तिच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून जास्त करंट सोडावा लागतो. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. जड गिअरमध्ये, पेडलचे मिनिटाला 40-45 फेरे घेत तीव्र चढ चढताना नेमकं हेच होतं. मोटर हळू फिरते, प्रचंड करंट ओढते आणि तापते. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून ती सगळीकडून बंद असते, त्यामुळे उष्णता बाहेर पडायची वाट एकच, धातूचं आवरण. ठरावीक तापमान ओलांडलं की कंट्रोलर स्वतःच जोर कमी करतो. लांब चढावर मध्येच मोटर ढिली पडली, अशी तक्रार करणाऱ्यांची मोटर बहुतेक वेळा बिघडलेली नसते. ती स्वतःला वाचवत असते.

उपाय सोपा आहे: हलका गिअर, आणि पेडलचे मिनिटाला 70 ते 90 फेरे. मिड-ड्राइव्ह मोटरी या लयीत सगळ्यांत चांगलं काम करतात. मागचा सर्वांत मोठा, 51 दातांचा स्प्रॉकेट (चेनचं मागचं दातेरी चाक) यासाठीच असतो. मोटर आहे म्हणून तो वापरायचा नाही असं नाही. हब मोटर डोंगरात मागे पडते तीही याच कारणाने. ती थेट चाकात असल्याने तिला सायकलचे गिअर मिळत नाहीत. चाक हळू फिरलं की तीही हळू फिरते, आणि लांब उभ्या चढावर तिची अर्ध्याहून जास्त वीज नुसती तापण्यात जाऊ शकते.

गिअर चढ लागायच्या आधी बदलायचा, चढात शिरल्यावर नाही. चेनवर आता एकट्या पायांचा नाही, मोटरचाही ताण असतो. ताणलेल्या अवस्थेत गिअर टाकला की जोराचा कडाका होतो, स्प्रॉकेटचे दात झिजतात आणि एखाद्या दिवशी चेनच तुटते. बदलताना अर्धा फेरा पाय सैल सोडायचा, पेडल फिरतं ठेवायचं पण दाबायचं नाही. टॉर्क सेन्सरला ते लगेच कळतं आणि मोटरही हात आखडते. ही सवय लागायला थोडे दिवस जातात. तेवढ्यासाठी चेनचं आयुष्य कितीतरी वाढतं.

उभ्या, सुट्या मातीच्या चढावर टर्बो लावून निघालं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, नाहीतर पुढचं उचलतं. अशा ठिकाणी मोड खाली आणायचा, सीटच्या पुढच्या टोकावर सरकायचं, कोपर वाकवून छाती हँडलजवळ न्यायची आणि पेडल गोल, एकसारखं फिरवायचं. उभं राहून पेडल मारण्याचा मोह आवरावा. मागच्या चाकावरचं वजन हलतं आणि पकड जाते. टायर 2.4 ते 2.6 इंच रुंद, ट्यूबलेस, आणि हवा 22 ते 26 पीएसआयच्या दरम्यान. फुगवून टणक केलेलं टायर दगडावरून उसळतं, मऊ टायर दगडाला धरून राहतं. क्रँकही साध्या सायकलपेक्षा थोडे आखूड, 160 ते 165 मिलिमीटरचे असतात, कारण चढावर सतत पेडल मारत राहायचं असतं आणि लांब क्रँक दगडांवर आपटतात.

दगडाची पायरी आली तर? तिथे पेडल मारायला जागाच नसते. काही मोटरी पेडल थांबल्यावरही क्षणभर जोर चालू ठेवतात, तेवढ्यात मागचं चाक पायरी चढून जातं. पायरीच्या अलीकडे एकच जोरदार दाब द्यायचा आणि पेडल आडवे धरून सायकल वर जाऊ द्यायची. हे जमलं की पूर्वी खांद्यावरून न्यावी लागणारी जागा बसल्या बसल्या पार होते.

पाऊस, ऊन, थंडी

वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीसारख्या ठिकाणी ही सायकल चालेल का? चालेल, मर्यादा ओळखून. मोटर आणि बॅटरीवर आयपीएक्स4 किंवा आयपी54 असं लिहिलेलं असतं. शेवटचा 4 हा आकडा कुठल्याही बाजूने उडालेल्या पाण्यापासूनचं संरक्षण सांगतो. मुसळधार पावसात चालवणं त्यात बसतं, ओढ्यात मोटर बुडवणं बसत नाही. मोटर बीबीच्या उंचीवर असते, म्हणजे जमिनीपासून जेमतेम फूटभर. गुडघाभर पाण्यातून सायकल उचलूनच न्यावी.

पाण्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे प्रेशर वॉशर. उच्च दाबाची धार एक्सलच्या सीलमधून आत घुसते, बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढते आणि कधी मोटरच्या पोटात पोचते. चिखलाने माखलेली सायकल साध्या पाइपने, हलक्या धारेने आणि ब्रशने धुवावी. कोकणातला जांभ्याचा लाल चिखल आणि घाटमाथ्याची चिकट काळी माती चेनमध्ये कानशीसारखं काम करतात. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चेन पुसून वेट ल्युब, म्हणजे ओल्या हवेसाठीचं वंगण, लावायला हवं. बॅटरीचे संपर्क कोरडे आहेत ना, चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसलंय ना, एवढं पाहिल्याशिवाय चार्जर लावू नये.

उन्हाळ्यात बॅटरीची काळजी जास्त. बहुतेक उत्पादक 0 ते 40 अंश तापमानातच चार्ज करायला सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी हवाच 40 च्या वर असते आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. तिथे बॅटरी ठेवली तर लिथियम-आयन सेल कायमचे म्हातारे होतात. फेरीहून आल्यावर तासभर सावलीत निवू द्यावी आणि रात्री चार्ज करावी. महिनाभर सायकल चालवायची नसेल तर बॅटरी 30 ते 60 टक्क्यांवर ठेवून द्यावी. पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी, दोन्ही अवस्था तिला सोसत नाहीत.

थंडीत उलटं घडतं. सेलमधल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि शून्य अंशाच्या आसपास 20 ते 30 टक्के क्षमता हाती लागत नाही. हे नुकसान तात्पुरतं असतं, ऊब मिळाली की ती परत येते. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यावर होणारं नुकसान मात्र कायमचं, कारण लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं. स्पीती-लडाखमध्ये रात्री बॅटरी खोलीत घ्यावी आणि सकाळी निघताना लावावी.

लडाखचा विषय निघालाच आहे तर उंचीचंही पाहू. खारदुंग ला 5359 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. मोटरला प्राणवायू लागत नाही, त्यामुळे तिचा जोर तसाच राहतो. पण ती तुमच्या पायांच्या प्रमाणात भर घालते, आणि पाय तर थकलेले. खाली 150 वॉट लावणारा तिथे 90-100 लावत असेल, तर त्याच मोडमध्ये मोटरकडून येणारी मदतही तेवढीच घटते. म्हणून उंचीवर मोड एक पायरी वर चढवावा लागतो आणि बॅटरी अपेक्षेआधी उतरते. आणखी एक अडचण: 160 वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. ई-एमटीबीची बॅटरी त्याच्या तिप्पट-चौपट असते. पुण्याहून लेहला आपली सायकल न्यायची तर बॅटरी रस्त्यानेच जाणार.

उतार

उतारावर मोटर काहीच करत नाही, आणि बॅटरी चार्जही होत नाही. हे अनेकांना पटत नाही, कारण इलेक्ट्रिक कार ब्रेक मारताना वीज परत मिळवते. कारण साधं आहे. सायकलच्या मागच्या हबमध्ये फ्रीव्हील असतं, चाक पुढे फिरलं तरी चेन स्थिर राहते. चाकाची गती मोटरपर्यंत पोचतच नाही, तर ती वीज कशातून बनवणार?

मग वर चढताना साठवलेली सगळी ऊर्जा कुठे जाते? ब्रेकमध्ये. आपल्या त्याच 110 किलोंनी 500 मीटर उतरलं की 150 वॉट-तास मोकळे होतात. दीड लिटर पाणी चुलीवर उकळायला लागते जवळपास तेवढी उष्णता. हवेचा आणि मातीचा विरोध त्यातली काही खातो, बाकी सगळी दोन पातळ डिस्कवर येते. म्हणून या सायकलींना चार पिस्टनचे ब्रेक आणि 200 ते 220 मिलिमीटरच्या डिस्क लावतात. ब्रेक सतत हलका धरून ठेवला की डिस्कला निवायला वेळ मिळत नाही, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि लिव्हर मऊ लागायला लागतं. वळणाच्या आधी, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेक जोरात मारायचे आणि मग सोडून द्यायचे.

साधी माउंटन बाइक 13-15 किलोंची, ई-एमटीबी 22 ते 25. हे जादा वजन खाली, बीबीच्या आसपास असल्याने खडकाळ उतारावर सायकल जमिनीला धरून राहते आणि नवख्याला धीर देते. पण तेच वजन वेगात आडवं घसरायला लागलं की आवरत नाही, आणि ओंडक्यावरून पुढचं चाक उचलायला बराच जास्त जोर लागतो. साध्या सायकलवरून आलेल्यांनी पहिले काही उतार ओळखीच्या वाटेवर, नेहमीपेक्षा आधी ब्रेक मारत उतरावेत.

बॅटरी वाटेत संपली तर सायकल अडत नाही. आधुनिक मोटरींत क्लच असतो, तो मोटरला पेडलपासून सोडवतो, आणि सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये 24 किलोंची सायकल मुक्कामापर्यंत नेता येते. घाम निघतो, पण येते. तुटलेल्या चेनचं तसं नाही. चेनशिवाय मोटर आणि पाय दोन्ही निकामी. म्हणून बॅगेत जादा बॅटरीच्या आधी चेन टूल (चेनची पिन काढायचं हत्यार) आणि तुटलेली चेन जोडणाऱ्या दोन क्विक लिंक टाकाव्यात, आपल्या चेनच्या स्पीडच्याच, म्हणजे मागे जितके गिअर तितक्याच आकड्याच्या. 12 स्पीडच्या चेनला 11 स्पीडची लिंक बसत नाही.